घाट चढताना डिझेल वाढले कसे?

मालमोटारीच्या चालकासमोर डॅशबोर्डवर जे चार-पाच काटे असतात, त्यांच्याकडे चालकाखेरीज कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्याची नजर मात्र दिवसभर रस्ता, आरसा आणि काटे अशी फिरत असते. टाकीत डिझेल किती उरले, इंजिनातले पाणी किती तापले, ऑइलला दाब आहे की नाही, बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे, एवढे प्रश्न तो विचारतो आणि काटे मुकाट्याने उत्तरे देतात. यांतला एखादा काटा कायमचा मेला, तर जुना चालक फारशी खंत करीत नाही. डिझेलचा काटा बंद पडला की तो टाकीत काठी घालून पाहतो, किती किलोमीटर झाले याचा मनाशी हिशेब ठेवतो आणि वर्षानुवर्षे तशीच गाडी हाकतो. रोज खोटे बोलणाऱ्या माणसाशीही व्यवहार करता येतो. त्याचे ऐकायचे नाही, एवढे ठरवले की झाले. पण चार दिवस खरे बोलून पाचव्या दिवशी थाप मारणाऱ्याचे काय करावे? जुन्या गाडीतला अधूनमधून बिघडणारा काटा हा त्या जातीचा असतो.

बरे, तो बिघडतो तेही नेमका नको तेव्हा. मिस्त्रीच्या दारात गाडी उभी केली की काटा शहाण्यासारखा जागेवर येतो. दवाखान्याची पायरी चढताच ज्याचा खोकला थांबतो, अशा रोग्यासारखी ही गत. मिस्त्री म्हणतो, "चांगला तर चाललाय की हो!" चालक म्हणतो, "घाटात या माझ्यासंगं, मग दाखवतो." आणि गंमत अशी की दोघांचेही खरे असते.

एक नमुन्याचे प्रकरण घेऊ. ते कोणा एकाचे नाही. पण जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये ज्यांनी हात काळे केले आहेत, त्यांना ते ओळखीचे वाटेल. समजा, मे महिना आहे. तीस-पस्तीस वर्षे वयाचा एक ट्रक रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघाला आहे. हातखंबा, पाली, नाणीज मागे पडले, साखरपा गेला आणि आंबा घाटाची चढण लागली. दुसरा गिअर, इंजिनाचा घोंगाट, बाहेर अंगाची लाही करणारी हवा. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पाण्याच्या उष्णतेचा काटा हलला आणि सावकाश सरकत लाल घरात जाऊन बसला.

आता चालकाने काय करावे? काटा खरा असेल आणि गाडी तशीच रेटली, तर हेड गॅस्केट उडते, हेड वाकते. फारच हट्ट केला तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसतात. इंजिन उतरवून पुन्हा बांधायचे म्हणजे ज्याचे पोट एकाच गाडीवर आहे, त्याची साठवलेली पुंजी गेली, आणि पुष्कळदा वर कर्जही झाले. उलट, काटा खोटा असेल आणि गाडी थांबवली, तर अरुंद घाटात भरलेला ट्रक उभा, मागे वाहनांची रांग, आणि पेटीतला हापूस काही कोणासाठी पिकायचा थांबत नाही. आपला चालक जाणता आहे. तो रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतो. रेडिएटरला वाफ नाही, उकळण्याचा आवाज नाही, पाण्याचा ठिपका नाही. अर्ध्या तासाने पुन्हा निघतो, तर काटा मुकाट आपल्या जागी! मलकापूर येईपर्यंत तो हलतसुद्धा नाही.

पुढचे महिना-दोन महिने या गाडीचे जे होते, ते सांगायलाच नको. पहिला मिस्त्री थर्मोस्टॅट बदलतो. दुसरा इंजिनातला सेन्सर बदलतो. तिसरा रेडिएटर उतरवून साफ करून देतो. कोणी पाण्याचा पंप उघडायला लावतो. प्रत्येक कामानंतर काटा आठवडाभर नीट वागतो, म्हणून प्रत्येकाला वाटते की गुण आपल्याच औषधाचा. मग पुन्हा एका चढणीवर काटा लालात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही परी.

एका प्रश्नातले निदान

शेवटी गाडी एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याकडे येते. तो बॉनेट उघडत नाही, की पाना उचलत नाही. चहा मागवतो आणि विचारतो, "मामा, काटा लालात गेला तेव्हा डिझेलचा काटा कुठं होता?"

"डिझेलचा? तो वर होता की. पाऊण टाकी दाखवत होता."

"आणि रत्नागिरी सोडताना?"

"अर्धी असंल."

"मग घाट चढताना डिझेल वाढलं कसं?"

चढणीवर टाकी कलते, तेव्हा डिझेलचा काटा थोडा इकडेतिकडे होतो हे खरे. पण पुढे सपाट रस्त्यावर हाच प्रकार घडला आणि तेव्हाही दोन्ही काटे जोडीने वर गेले, तर टाकीच्या कलण्याला दोष देता येत नाही. पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर इंजिनात आहे, डिझेल मोजणारा तरंगता गोळा चेसिसच्या बाजूला टाकीत आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दोघे एकाच घटकेला बिघडण्याचा योग फार दुर्मिळ. मग या दोन काट्यांत सामाईक काय आहे? दोघांना वीज एकाच ठिकाणाहून मिळते आणि दोघांच्या मीटरचा आधार एकच आहे. चोर तिथे शोधायचा. इंजिन, रेडिएटर, टाकी या सगळ्यांची एका दमात सुटका झाली, आणि अजून एक स्क्रूही फिरवलेला नाही!

अधूनमधून येणाऱ्या दोषाचे निदान पहिल्यांदा असेच, डोक्याने, करावे लागते. दोष समोर हजर नसताना मीटर आणि पाने घेऊन गाडीवर तुटून पडण्यात अर्थ नसतो. चांगल्या वायरी तेवढ्या ओढल्या जातात आणि दोन नवे दोष तयार होतात.

काट्याच्या पोटात काय असते?

यासाठी मीटरच्या आत डोकवावे लागेल. जुन्या गाड्यांत पुष्कळ ठिकाणी जे मीटर असतात, त्यांत दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली एक लहानशी पट्टी असते. उष्णतेने एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. म्हणून पट्टी वाकते. ही युक्ती जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीची. समुद्रावर अचूक चालणारे घड्याळ करताना, थंडी-उन्हाने पडणारा फरक मोडून काढण्यासाठी, अठराव्या शतकात त्याने ती शोधली. तीच पट्टी पुढे इस्त्रीत आली आणि मोटारीच्या मीटरमध्येही येऊन बसली. मीटरमध्ये तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून वीज वाहिली की ती तापते, पट्टी वाकते आणि काटा ढकलला जातो. वीज जास्त, तर काटा जास्त वर.

ही वीज पुढे इंजिनातल्या किंवा टाकीतल्या सेन्सरमधून चेसिसला जाते. इंजिनातल्या सेन्सरमधली गोळी अशी असते की ती तापली की तिचा विरोध कमी होतो. टाकीत गोळ्याच्या दांडीबरोबर एक स्पर्शपट्टी विरोधाच्या तारेवर सरकते. ब्रिटिश पद्धतीच्या पुष्कळ गाड्यांत रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला २०-३० ओहम असा हिशेब असतो. अमेरिकन फोर्डच्या जुन्या गाड्यांत तो साधारण ७३ पासून १० पर्यंत. जर्मन पद्धतीत पुष्कळदा उलटे, रिकामी टाकी १० आणि भरलेली १८० ओहम. म्हणून दिसायला तसाच आहे म्हणून जुन्या बाजारातून दुसऱ्याच गाडीचा सेन्सर आणून बसवला, तर काटा जन्मभर उलटेसुलटे सांगत राहतो. हा दोष मात्र कायमचा, अधूनमधूनचा नव्हे.

आता अडचण अशी की गाडीची वीज एकसारखी नसते. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते, इंजिन पळू लागले की चौदाच्या वर जाते. तारेत निर्माण होणारी उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मीटर दहा व्होल्टसाठी केला असेल आणि त्याला चौदा मिळाले, तर १४ चा वर्ग १९६ आणि १० चा वर्ग १००. उष्णता जवळजवळ दुप्पट! मग टाकीत डिझेल तेवढेच असून काटा कुठच्या कुठे जाईल. हे होऊ नये म्हणून अशा मीटरांच्या आधी डब्यासारखा एक छोटा भाग बसवलेला असतो. त्याला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीत तो सरासरी दहा व्होल्ट देतो, जुन्या अमेरिकन गाड्यांत पाच.

हा डबा म्हणजे दुसरे काही नसून तीच आपली दोन धातूंची पट्टी. ती तापते, वाकते, जोड तोडते. निवते, सरळ होते, जोड पुन्हा जुळवते. अशी उघडझाप चालू राहून सरासरी ठरलेली राहते. काटे मुळातच आळशी असल्यामुळे त्यांना ही उघडझाप जाणवत नाही. पण या पट्टीला तापायला वीज लागते, आणि ती वीज डब्याच्या अंगातून चेसिसला गेली पाहिजे. डबा ज्या स्क्रूने बसवलेला आहे, तो ढिला झाला किंवा त्याच्याखाली गंज चढला, की पट्टी तापायची थांबते. तापली नाही, म्हणजे जोड तुटत नाही. जोड तुटत नाही, म्हणजे बॅटरीचे सगळेच्या सगळे व्होल्ट दोन्ही मीटरांना मिळतात. डिझेल वाढते, पाणी उकळते. सगळे डॅशबोर्डवरच्या डॅशबोर्डवर.

चढणीवरच का, याचेही उत्तर इथेच मिळते. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओढत असते, केबिन हादरत असते, डॅशबोर्ड तापलेला असतो. ढिला स्क्रू हादऱ्याने सुटतो. गाडी थांबली, हादरा थांबला, धातू निवला, की तो पुन्हा टेकतो. आणि चालकाला वाटते, इंजिन निवले.

याच डब्याचे उलटे दुखणेही असते. आतले टोक जळून जोड उघडाच राहिला, तर दोन्ही काटे एकदम खाली पडतात. वरच्या बोटाने डॅशबोर्डवर टिचकी मारली की पुन्हा वर! टिचकी मारून काटा चालवणारे चालक पुष्कळ पाहायला मिळतात. तेवढ्यापुरते काम भागते, पण टिचकीने जागे होणारे मीटर पाहिले की मिस्त्रीने समजावे, घर जवळ आले.

सगळ्याच ट्रकांत हा डबा असतो असे मात्र नाही. ओळखायची सोपी खूण आहे. किल्ली फिरवा आणि काट्याकडे पाहा. काटा झोपेतून उठल्यासारखा सावकाश, बऱ्याच सेकंदांनी आपल्या जागी पोचला, तर मीटर पट्टीचा. टुणकन उडी मारून बसला, तर मीटर वेटोळ्यांचा, म्हणजे चुंबकीय. त्याला सहसा असा डबा लागत नाही. ही खूण आणखी एका कामाला येते. पट्टीचा काटा खड्ड्यात गाडी आदळली म्हणून क्षणात खालीवर नाचत नाही. तेवढी चपळाई त्याच्यात नसते. तो नाचत असेल तर मीटरचीच काही यांत्रिक मोडतोड पाहावी.

तिसरा प्रकार त्याहून जुना. मीटरच्या पाठीमागे वायर नसतेच, तांब्याची बारीक नळी असते. युजेन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ साली पेटंट घेतलेली वाकडी नळी तिच्या टोकाला असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. इथे विजेचा काही संबंध नाही. असा ऑइलचा काटा खाली आला, तर वायरिंगवाल्याला बोलावू नये. इंजिन बंद करावे.

केव्हा, केव्हा, केव्हा?

म्हातारा वायरिंगवाला चालकाला एक चिकटवही ठेवायला सांगतो. काटा बिघडला की चार शब्द लिहायचे: चढण की सपाट, पाऊस की ऊन, दिवे चालू की बंद, टाकी किती भरलेली, दुसरे काटे कुठे. आठ-दहा नोंदी झाल्या की दोष आपण होऊन बोलू लागतो.

दिवा लावला, ब्रेक दाबला किंवा वळण्याचा इशारा दिला, आणि त्या उघडझापेच्या तालावर काटा हलला, तर आधार म्हणजे अर्थ कच्चा आहे हे जवळजवळ ठरलेलेच. दिव्याची वीज चेसिसकडे जायला वाट शोधते, नेहमीची वाट बंद असली की शेजाऱ्याच्या अंगणातून जाते, आणि तो शेजारी म्हणजे आपला मीटर. काटा इंजिनाच्या गतीबरोबर वरखाली झाला, तर स्टॅबिलायझरकडे पाहावे. पावसाळ्यात, गाडी धुतल्यावर किंवा कोकणात चार फेऱ्या झाल्यावर दोष वाढत असेल, तर कपलर उघडून पाहावेत. ताक तांब्याच्या भांड्यात ठेवले की जसे कळकते, तशी खाऱ्या दमट हवेत तांब्या-पितळेची टोके कळकतात. हिरवट थर चढतो आणि वायर जोडलेली असूनही तुटल्यासारखी होते.

डिझेलचा काटा नेहमी एकाच ठिकाणी, समजा अर्ध्यापासून पावपर्यंत, मरतो आणि पुढे पुन्हा जिवंत होतो, तर टाकीतली विरोधाची तार तेवढ्या भागात घासली गेली आहे. गाडीची टाकी बहुधा तेवढीच भरलेली राहत असेल, तर तिथेच घासणार.

एक नोंद मात्र भल्याभल्यांना चकवते. टाकी भरली की काटा चुकतो, रिकामी होत आली की सुधारतो. यात चमत्कार नाही. कळकलेल्या जोडाने वाटेत ४० ओहमचा जादा विरोध घातला असे धरा. भरलेल्या टाकीचे २० ओहम असताना एकूण ६० होतात, म्हणजे तिप्पट. काटा बराच खाली बसतो. रिकाम्या टाकीचे २४० असताना एकूण २८० होतात. काट्याला फारसा फरक कळत नाही. दोष दोन्ही वेळी तोच असतो, फक्त भरल्या टाकीला उघडा पडतो. पंपावर पैसे मोजून टाकी भरली आणि काटा पाऊणवरच थांबला, म्हणजे पंपवाल्यानेच मारले, असा बिचाऱ्यावर आळ येतो तोही इथून.

एवढे झाल्यावर हात घालावा, आणि तोही बॅटरीचे टोक काढून. जुन्या ट्रकांत बॅटरी भरल्याची खूण दाखवणाऱ्या अँपिअरच्या मीटरमधून गाडीची जवळजवळ सगळी वीज वाहत असते. त्याच्या पाठीमागे पाना टेकला तर ठिणगीवर भागत नाही, वायरिंग पेटते. त्याची नटे ढिली असली तरी तीच तापतात. एवीतेवी हात आत गेला आहे, तर ती पाहून घ्यावीत.

सेन्सर दोषी की मीटर, हे ठरवायची जुनी रीत म्हणजे सेन्सरची वायर काढून क्षणभर चेसिसला टेकवणे. ब्रिटिश आणि अमेरिकन फोर्डच्या पद्धतीत काटा पूर्ण वर जातो, म्हणजे मीटर आणि वायर ठीक. पण पट्टीच्या मीटरची वायर तशीच धरून ठेवली तर आतली तार जळते. काटा चढू लागला की सोडावी. डिझेलच्या वासाजवळ, उघड्या टाकीपाशी हा खेळ करूच नये. शिवाय अधूनमधूनच्या दोषाला ही क्षणभराची परीक्षा पुरत नाही. त्याला मुक्कामाची परीक्षा हवी. टाकीच्या सेन्सरऐवजी ६८ ओहमचा, एक-दोन वॅटचा विरोधक वायरला जोडावा, दुसरे टोक चेसिसला घट्ट बसवावे आणि दोन दिवस गाडी कामाला पाठवावी. काटा दोन्ही दिवस एकाच रेघेवर राहिला, तर गुन्हेगार टाकीत. तो तसाच भटकत राहिला, तर टाकी सोडा, डॅशबोर्ड उघडा. विरोधक पाच-दहा रुपयांत येतो. टाकीचा नवा सेन्सर काही त्या भावात येत नाही.

स्टॅबिलायझर पाहताना आजकालचा आकडे दाखवणारा मल्टिमीटर गोंधळ घालतो. उघडझाप चालू असल्यामुळे आकडा कधी बारा, कधी शून्य, कधी भलताच. तिथे जुना टेस्ट लॅम्प बरा. डब्याच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला लावला की तो ठेका धरून लुकलुकतो. सतत पेटून राहिला, तर डबा अर्थ सोडून बसला आहे किंवा टोके चिकटली आहेत. मुळीच पेटला नाही, तर जोड उघडा आहे किंवा डब्याला वीजच येत नाही.

मल्टिमीटरचे काम वेगळे आहे. दिवे, पंखा सगळे चालू करायचे. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे डॅशबोर्डच्या पत्र्यावर. आकडा ०.१-०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ उत्तम. एक-दोन व्होल्ट दिसले तर दोष सापडला. (जुन्या ब्रिटिश बांधणीच्या काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला असे, हे लक्षात ठेवावे.) अनेक जण इथे ओहम मोजतात आणि फसतात. वायरीचे सगळे धागे तुटून एकच उरला असला तरी ओहममापकाला ती धडधाकट दिसते, कारण तो स्वतः नावापुरती वीज पाठवतो. एका काथ्याच्या धाग्यावर रिकामी पिशवी टांगून दोर मजबूत आहे म्हणण्यासारखे ते झाले.

काटा खरा असतो तेव्हा

इथवर काट्याची बाजू पडती आहे. पण मला स्वतःला भीती वाटते ती उलट चुकीची. दोन-चार वेळा काटा खोटा ठरला की चालक म्हणू लागतो, "हा तर असाच आहे." लांडगा आला रे, ही गोष्ट इंजिनालाही लागू आहे. म्हणून कारण सापडेपर्यंत काटा खरा धरूनच वागावे.

विशेषतः दोन खोड्या अशा आहेत की त्या वायरिंगच्या दोषासारख्या दिसतात आणि असतात इंजिनाच्या. पहिली: पाण्याचा काटा वर चढतो आणि मग एकाएकी खाली पडतो. चालक सुस्कारा सोडतो. वस्तुतः पाणी उकळून निघून गेलेले असते. सेन्सर उघडा पडून वाफेत किंवा हवेत लोंबतो, आणि पाण्याचा स्पर्श गेल्यामुळे कमी उष्णता दाखवतो. इंजिन जळते आहे आणि काटा म्हणतो सगळे ठीक! अर्ध्या किलो दाबाच्या झाकणाखाली पाणी ११० अंशांच्या पुढे जाऊन उकळते, त्यामुळे उकळी बाहेरून लगेच दिसतेच असे नाही. आणि संशय आला म्हणून गरम रेडिएटरचे झाकण उघडणे हा तर अपघातच. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर येते. थांबून निवू द्यावे. हल्ली लांबून उष्णता मोजणारे, पिस्तुलाच्या आकाराचे थर्मामीटर स्वस्तात मिळते. सेन्सरशेजारच्या लोखंडावर त्याचा नेम धरला की काट्याची साक्ष तिथल्या तिथे तपासता येते.

दुसरी खोडी ऑइलच्या दाबाची. वळणावर किंवा तीव्र उतारावर काटा पडतो आणि सरळ रस्त्यावर उठतो. लूज कॉन्टॅक्टसारखेच दिसते. पण ऑइल कमी असेल, तर कलत्या गाडीत ते तळाच्या एका बाजूला जाते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि दाब खरोखरच जातो. हा दोष अधूनमधूनचा आहे, आणि खराही. इथे वही काढून नोंद करीत बसू नये. सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे, ऑइलची काठी पाहावी आणि ऑइल पुरेसे असूनही शंका राहिली, तर सेन्सर काढून त्या जागी नळीचा दाबमापक लावून दाब मोजावा. खोट्या बातमीने अर्धा तास जातो. खऱ्या बातमीकडे दुर्लक्ष केले तर बेअरिंगे एका मिनिटात जातात.

२०२० च्या एप्रिलपासून विक्रीला आलेल्या बीएस-सहा गाड्यांत हे चित्र पालटले आहे. तिथे सेन्सर संगणकाशी बोलतो, संगणक डॅशबोर्डशी, आणि दाब गेला तर पुष्कळदा इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते. त्यांचे निदान कोड वाचून होते. पण महाराष्ट्रातल्या आडरस्त्यांवर ऊस, वाळू, चिरा आणि कडबा वाहणारे जुने ट्रक अजून आहेत, आणि त्यांचे कोड त्यांच्या चालकाच्या वहीतच लिहिलेले असतात.

आपल्या नमुन्याच्या गाडीकडे परत येऊ. वायरिंगवाल्याने डॅशबोर्ड उतरवला. स्टॅबिलायझर एका स्क्रूवर उभा होता. खाली कधी काळी दिलेला रंग, रंगाखाली गंज. त्याने पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, आणि तेवढ्यावर न थांबता डब्याच्या अंगापासून थेट चेसिसपर्यंत एक जाड वायर टाकली. इंजिन रबरावर बसलेले असते म्हणून इंजिन आणि चेसिस यांमधली विणीची पट्टी पाहिली. तिचे निम्मे धागे तुटले होते, ती बदलली. टाकीही पट्ट्यांखालच्या रबरावर असते, तिच्या अर्थची वायर साफ केली. इंजिनात नवा म्हणून बसवलेला सेन्सर काढला, तर त्याच्या आट्यांवर गळती थांबवायची पांढरी टेप पाच-सहा वेढे गुंडाळलेली. सेन्सरचा आधार त्या आट्यांतूनच जातो. टेपने तो अर्धा तोडला होता. मागच्या दुरुस्तीने घातलेला हा दुसरा दोष. टेप काढून टाकली.

डब्याच्या जागी हल्ली ७८१० नावाचा तीन पायांचा, नखाएवढा इलेक्ट्रॉनिक भाग बसवतात. तो उघडझाप न करता सरळ दहा व्होल्ट देतो, आणि पट्टीच्या मीटरला ते चालते. पाच व्होल्टच्या गाड्यांना ७८०५. चालकाने विचारले, तोच घालायचा का. वायरिंगवाला म्हणाला, "घाला की. पण त्याचा मधला पाय चेसिसलाच जोडायचा असतो, मामा. तो सुटला की त्याच्यातूनही सगळे व्होल्ट पलीकडं जातात." जुना डबा चांगला होता, म्हणून तोच ठेवला. नंतर दिवे लावून, इशारा चालू ठेवून, डॅशबोर्डवर मूठ आपटून पाहिली. डिझेलचा काटा अर्ध्यावर होता, तो अर्ध्यावरच राहिला.